सिस्टरबाई आणि सरकारी कपाट

सिस्टरबाई कुणालाही राम राम म्हणत नसत. माणूस समोर आला की त्यांचा पहिला शब्द ठरलेला होता, "नखं दाखव." दूध घालणारा असो, पोस्टमन असो, नाहीतर घरपट्टीची नोटीस घेऊन आलेला नगरपालिकेचा शिपाई असो. आधी दोन्ही हात पुढे करायचे. बाई चष्मा कपाळावर सरकवून नखांचा रंग बघायच्या आणि मगच बोलणं सुरू व्हायचं. रंग पसंत पडला तर "बस" म्हणायच्या. नाही पडला तर, "रगत कमी हाय. काय खातूस बे?"

हा 'बे' आमच्याकडे पुरुष पुरुषांना लावतात, तोही बरोबरीच्याला. सिस्टरबाई तो सरसकट सगळ्यांना लावत. तालुक्याच्या डॉक्टरांनाही लावत. डॉक्टर आधी चिडत, मग निमूट नखं पुढे करत.

त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स होत्या. पांढरी सुती साडी, तिच्याखाली कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात पोलिसांसारखी शिट्टी. बुटांबद्दल कुणी विचारलं की म्हणायच्या, "दवाखान्यात चालत येतो त्यो पेशंट. पळत येती ती सिस्टर. चपलीवर पळता येतं का?" निवृत्त झाल्यावरही त्या पळायला तयार असायच्या. जेवायच्या उभ्यानं. झोपायच्या ओसरीवर, रस्त्याकडे तोंड करून. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याचा विषय कुणी काढत नव्हतं, कारण तो काढला की त्या शिट्टी वाजवत.

मी त्यांच्याकडे खोली मागायला गेलो तेव्हा नुकताच बारावी झालो होतो. आमचं गाव चकलांब्याकडचं. वडील मेंढरं राखायचे, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. गेवराईत राहायची सोय नव्हती. कुणीतरी सांगितलं की सिस्टरबाईंची खोली स्वस्त आहे, पण परीक्षा घेतात. मला वाटलं, पाढे विचारतील.

नखं बघून झाल्यावर त्यांनी आत हाक मारली, "दत्ता, पड बे."

आतून एक दांडगा पोरगा आला आणि माझ्या पायाशी धाडकन आडवा झाला. डोळे मिटले आणि घशातून घर्र घर्र आवाज काढायला लागला. हा दत्ता माझ्या आधीचा भाडेकरू. पुढे आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली.

"ह्यो पडलाय," सिस्टरबाई म्हणाल्या. "हाका मारल्या तरी उठत न्हाई. घोरतोय. नशेच्या गोळ्या खाल्ल्यात. काय करशील?"

"तोंडावर पाणी मारीन."

"आन्?"

"कांदा हुंगवीन."

"आन्?"

"मीठपाणी पाजून ओकायला लावीन."

"मारलास. दत्ता, मर बे."

दत्तानं घोरणं थांबवलं आणि जीभ बाहेर काढली.

मग बाईंनी मला गुडघ्यावर बसवलं. पडलेल्याचा हात कसा पसरायचा, पाय कसा दुमडायचा, कुशीवर कसं वळवायचं, हनुवटी वर करून श्वासाला वाट कशी मोकळी करायची, सगळं माझ्याकडून करून घेतलं. मला दरदरून घाम फुटला. दत्ताचं वजन हे त्याचं कारण होतंच.

"आता सांग. बेशुद्ध मानसाच्या तोंडात काय घालायचं?"

"काही नाही."

"ताक?"

"नाही."

"लिंबू?"

"नाही."

"देवाचं तीर्थ?"

"नाही."

"आन् चेअरमनसाहेबांनी सोताच्या हातानं दिलं तर?"

दूध संघाच्या चेअरमनसाहेबांना नाही म्हणणारा माणूस तालुक्यात नव्हता. मी क्षणभर थांबलो.

"तिथंच मेलास बे," त्या म्हणाल्या, आणि खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.

त्यांचा हा खेळ गावाला पाठ होता. लग्नात अक्षता पडल्या की त्या नवरदेवाच्या एखाद्या मित्राला मांडवातच आडवं करायच्या. न्हाव्याच्या दुकानात, बँकेच्या रांगेत, तहसीलच्या व्हरांड्यात, जिथं चार माणसं थांबलेली दिसतील तिथं त्यांचं "पड बे" सुरू व्हायचं. लोक या प्रकाराला 'सिस्टरबाईचं मढं' म्हणायचे. लोकांनी त्यांना लग्नाला बोलवायचं बंद केलं. त्या न बोलावता जायला लागल्या.

"एवढं काहून करता हो?" असं एकदा मी त्यांना आमच्याच भाषेत विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या नोकरीत विषानं मेलेली बघितली, गोळ्यांनी मेलेली बघितली. पर निम्मी तर घरच्यांनी मारली. जीव लावून मारली. पाजू पाजू मारली."

मी आज एका कॉलेजात शिकवतो. माझी पदवी ज्या खोलीत झाली ती सिस्टरबाईंची, आणि त्या काळात पोटात गेलेलं निम्मं अन्नही त्यांच्या चुलीवरचं. त्यांच्याबद्दल चार गोड आठवणी लिहून मोकळं व्हावं, असं पुष्कळदा मनात आलं. पण लिहायला बसलं की त्या कपाटापाशी येऊन थांबतो आणि राग येतो. तेव्हा कपाटाचंच सांगतो.

मी कॉलेजात असतानाच एका वर्षी सलग दुसरा दुष्काळ पडला. आमच्या भागातली माणसं दिवाळी झाली की कारखान्यांकडे ऊस तोडायला जातात. त्या वर्षी ऊसच नव्हता. गेलेल्या टोळ्या अर्ध्या हंगामातून परत आल्या. उमापूरच्या रस्त्याला दूध संघानं सरकारी अनुदानावर चारा छावणी काढली होती. दूध संघाचे चेअरमन तेच छावणीचे चालक. ज्यांची जनावरं होती ते जनावरांसकट छावणीत राहायला आले. चाऱ्याचं वाटप रोज संध्याकाळी, तेही मालक आणि जनावर दोघं हजर असतील तरच. त्यामुळे माणसालाही दावणीला बांधल्यासारखंच होतं.

ऊसतोडीच्या माणसांना एक सवय लागलेली असायची. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं म्हणजे कंबर मोडते. मग मुकादम सकाळच्या चहाबरोबर दुखणं मारायची कॅप्सूल द्यायचा. कळ थांबते, अंगात जोर आल्यासारखं वाटतं, आणखी एक खेप होते. पुढे एकीनं भागत नाही. काम संपलं, ऊस संपला, मुकादम गावाला गेला, कॅप्सूल मात्र राहिली. छावणीत दिवसभर काम नाही, डोक्यावर पत्रा तापलेला, हाताशी पैसा नाही. कुठून कुठून त्या कॅप्सूल यायच्या आणि झोपेच्या गोळ्याही यायच्या. त्यावर कुणी दारू ओतायचा. माणूस बसल्या जागी पेंगायचा, पेंगता पेंगता श्वास घ्यायचंच विसरायचा.

पहिला गेला बाळू. जेमतेम तिशीचा. त्याची बायको सुमन, दोघं मिळून एक कोयता, म्हणजे जोडीनं ऊस तोडायचे.

बाळू दुपारी पडला तो उठेना. घोरत होता, म्हणजे श्वास चालू होता. छावणीतली माणसं धावली. सगळी जिवाभावाची, सगळी जनावरांत वाढलेली. बैलाचं पोट फुगलं, त्यानं काही खाल्लं, की काय करायचं हे त्यांच्या हातांना ठाऊक. बैलाचं तोंड वर उचलून धरायचं, वेळूची तिरपी कापलेली नळी गालफडातून आत सारायची आणि औषध ओतायचं. बैल गिळतो. बाळूलाही त्यांनी टेकून बसवलं, मान मागं ओढली आणि त्याच नळीनं मीठ घातलेलं ताक ओतलं. बेशुद्ध माणूस गिळत नाही. ताक श्वासात गेलं.

निरोप मिळून बाईंबरोबर दत्ता आणि मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. सिस्टरबाईंनी नखं बघितली, डोळे बघितले, हात खाली ठेवला. नळी तिथंच पडली होती. माणसं बाजूला उभी होती आणि आपण काय केलं हे कुणालाच कळलेलं नव्हतं. आता बाई तोंड सोडणार, म्हणून मी अंग चोरून उभा राहिलो.

सुमन म्हणाली, "डोकं मीच धरलंतं, बाई. हलत हुतं म्हनून घट धरलंतं."

सिस्टरबाई खाली धुळीत तिच्या शेजारी बसल्या. तिनं काही विचारू नये, म्हणून असेल, तिचं डोकं त्यांनी आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज छावणीत जायला लागल्या. संध्याकाळी चाऱ्याच्या रांगेत सगळा गाव सापडायचा. तिथं शिट्टी वाजायची. "नळी कुणाला?" बाई ओरडायच्या. "जनावराला!" रांग म्हणायची. "मानसाला?" "कुशीवर!" आधी लोक हसले. मग चेष्टेनं करायला लागले. पोरं तर खेळच खेळायची, एकानं मरायचं आणि बाकीच्यांनी वळवायचं. मी आणि दत्ता अभ्यास सोडून रांगेत मढी झालो. दत्ता इतका छान मरायचा की म्हाताऱ्या बायका त्याला बघून खऱ्याच रडायच्या.

पण नुसतं कुशीवर वळवून सगळे जगत नाहीत. श्वास फारच मंदावला तर तोंडावर मुखवटा धरून रबरी फुग्यानं हवा द्यावी लागते, आणि त्या कॅप्सूलच्या नशेला उतारा म्हणून एक इंजेक्शन असतं. हे दोन्ही दवाखान्यात होतं. दवाखाना छावणीपासून दूर, आणि रुग्णवाहिका एकच. सिस्टरबाईंना ते साहित्य छावणीत हवं होतं. त्या एवढ्याच मागणीसाठी झुरत होत्या.

त्याच सुमाराला सरकारची योजना निघाली. नशेमुळे होणारे मृत्यू रोखण्यासाठी स्थानिक पातळीवर काम करणाऱ्यांना अनुदान, त्यात प्रशिक्षण आणि तातडीच्या मदतीचं साहित्य. वर्तमानपत्रातली ती जाहिरात वाचून बाईंनी शिट्टी वाजवली. माझं अक्षर चांगलं म्हणून प्रस्ताव मी लिहिला. दोघं एसटीनं बीडला गेलो. योजनेचा साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं खुर्ची दिली, नखंही दाखवली.

"संस्था नोंदणीकृत आहे का, बाई?"

"संस्था न्हाई. मी हाय."

"मागच्या वर्षांचं लेखापरीक्षण?"

"माझं?"

"एकट्या व्यक्तीला अनुदान देता येत नाही."

"एकट्या मानसाला मरता येतंय," सिस्टरबाई म्हणाल्या. "ते चालतंय तुमाला?"

साहेबांनी चहा मागवला. बाईंनी तो उभ्यानं प्यायला आणि आम्ही परत आलो.

अनुदान मंजूर झालं. कुणाला, ते आमच्याकडे कुणीही न विचारता सांगितलं असतं. चेअरमनसाहेबांची एक शिक्षणसंस्था होती, एक महिला मंडळ होतं, एक क्रीडा मंडळ होतं. त्यातल्या एकाच्या उद्देशांत 'व्यसनमुक्ती' हा शब्द होता. लेखापरीक्षण चोख.

छावणीत मांडव पडला. जनावरांचा एक गोठा रिकामा करून तिथं खुर्च्या मांडल्या. मागं एवढा मोठा फ्लेक्स, त्यावर लहानमोठी तोंडं, आणि खाली कोपऱ्यात योजनेचं नाव. शपथ झाली. ज्यांच्या पोटात दुपारची भाकरी नव्हती त्यांनी उजवा हात पुढे करून नशा करणार नाही म्हणून सांगितलं. प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळालं. सिस्टरबाईंना मार्गदर्शक म्हणून बोलावलं होतं. शाल, नारळ. त्या त्यातल्या कशाकडेही बघत नव्हत्या. त्यांचं लक्ष टेबलावरच्या पिशव्यांकडे होतं. लाल पिशव्या, आत फुगा, मुखवटा, इंजेक्शनं. फोटोसाठी त्यांच्या हातात एक पिशवी दिली. त्यांनी फोटोवाल्याकडे पाठ करून ती उघडली आणि फुगा दाबून बघितला. त्याचा रबर हुंगला. मला म्हणाल्या, "चांगला हाय बे. लई चांगला हाय." त्यांच्या चेहऱ्यावर तसा आनंद मी पुन्हा कधी बघितला नाही.

फोटो झाला. छावणीच्या लिपिकानं त्यांच्या हातून पिशवी घेतली, नीट बंद केली, सगळ्या पिशव्यांना लाखेचं सील केलं आणि कचेरीतल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"वरची तपासणी होईपर्यंत सील तोडायचं न्हाई, सिस्टरबाई. डेड स्टॉकच्या रजिस्टरला चढवलंय सामान."

"किल्ली?"

"चेअरमनसाहेबांच्या पीएकडं."

"तपासनी कधी?"

"येतील की."

मला आजही सर्वांत जास्त चीड या गोष्टीची येते की यात कुणी पैसा खाल्ला नव्हता. खाल्ला असता तर चोराला चोर म्हणता आलं असतं. साहित्य आलं होतं, ते अस्सल होतं, बिलं खरी होती, फोटो खरे होते. नियमानं सगळं जागच्या जागी होतं. फक्त ते ज्याच्यासाठी आलं त्याच्यापर्यंत जाऊ नये, एवढी व्यवस्था केलेली होती. परवा आमच्या कॉलेजात अशाच एका योजनेचं पत्रक आलं. शपथ घ्या, फोटो पाठवा, म्हणून. मी प्राचार्यांना विचारलं की पोरगा वसतिगृहात बेशुद्ध पडला तर काय करायचं, ते ह्यात कुठं आहे? ते म्हणाले, "सर, तुम्ही फार मनाला लावून घेता." हो, घेतो.

सिस्टरबाई रोज छावणीत गेल्या की आधी कपाटापाशी जायच्या. कुलूप हलवून बघायच्या. लिपिक म्हणायचा, "बाई, तुमाला दुसरा धंदा न्हाई का?" बाई म्हणायच्या, "न्हाई बे. तुला हाय का?"

आणि मग अशोक पडला.

भर दुपार होती. अशोकचा बाप बैलांना पाणी दाखवत होता. पोरगा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली सावलीला झोपलाय असं त्याला वाटत होतं. सुमन तिकडून शेण भरायला जात होती. तिला घोरणं ऐकू आलं. तिनं पाटी टाकली आणि अशी किंचाळली की सगळी छावणी गोळा झाली. आम्ही पोचेपर्यंत त्या माणसांनी, त्याच माणसांनी, अशोकला कुशीवर वळवलं होतं. हनुवटी वर केली होती. एक म्हातारा ताकाचा तांब्या घेऊन आला होता, त्याला बायांनी हाकलून दिलं होतं. सिस्टरबाईंनी हे बघितलं आणि त्यांचे डोळे भरले. पण नखं जांभळी पडली होती. श्वास यायचा, मग येईल की नाही असं वाटेपर्यंत यायचा नाही.

रुग्णवाहिकेला फोन झाला. ती पाचेगावच्या बाजूला दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती.

बाई उठल्या आणि पळाल्या. त्या वयाला, त्या उन्हात. आम्ही मागं. कचेरीत लिपिक पंख्याखाली बसला होता.

"किल्ली."

"पीएसाहेबांकडं हाय. ते साहेबांबरोबर मुंबईला गेलेत."

"फोन लाव."

त्यानं लावला. बोलला. फोनवर हात ठेवून म्हणाला, "साहेब मीटिंगमध्ये हायत. थोडं थांबा म्हनतेत."

बाहेर खुंटे ठोकायची पहार भिंतीला टेकून ठेवलेली होती. बाईंनी ती आणली. त्यांना ती पेलेना. दत्तानं हात लावला, मी हात लावला.

"सिस्टरबाई! सरकारी मालमत्ता हाय ती!" लिपिक ओरडला.

"आन् त्यो ट्रॉलीखाली पडलाय त्यो कुणाची मालमत्ता हाय?"

कुलूप तुटलं नाही, कपाटाचं दारच वाकून सुटलं. बाईंनी पिशवीचं सील दातांनी तोडलं. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. बाईंचा गुडघा अशोकच्या डोक्याशी. मुखवटा. "दाब बे. हळू. सोड. आता दाब." मी फुगा दाबत होतो आणि माझ्या दाबण्यानं दुसऱ्याची छाती वर येत होती. बाईंनी सुई भरली, दंडात दिली. अशोकचा बाप बैलांचे कासरे हातात धरून उभा होता. ते सोडायचं भान त्याला नव्हतं. मग अशोकनं स्वतःहून एक मोठा श्वास घेतला, आणखी एक घेतला, आणि डोळे उघडून आम्हाला एक सणसणीत शिवी दिली.

"जगला," बाई म्हणाल्या. "आता दवाखान्यात न्या. उतारा उतरला तर परत झोपंल."

रुग्णवाहिका नंतर आली. अशोक दवाखान्यातून चालत परत आला.

चेअरमनसाहेब मुंबईहून आले ते थेट पोलिसांत तक्रार द्यायलाच. शासकीय साहित्याच्या कपाटाची मोडतोड, सील तोडणं, परवानगीशिवाय वापर. जिल्ह्याहून चौकशीला अधिकारी येणार असं ठरलं. आम्ही दोघं साक्षीला तयार होतो, पण बाईंचेच भाडेकरू म्हणून आमचं कोण ऐकणार? छावणीतल्या माणसांनी सांगायला हवं होतं. सगळ्यांनी बघितलं होतं.

कुणी पुढे येईना. अशोकचा बाप एका सकाळी बाईंच्या ओसरीवर येऊन बसला. त्यानं न सांगता नखं पुढे केली.

"बाई, जनावरं हायती माझी," तो म्हणाला. "दावनीला चारा उद्याबी लागंल. त्यांनी छावनीतनं नाव काढलं तर कुठं जाऊ?"

"बरोबर हाय तुजं," बाई म्हणाल्या. "जा."

तो गेल्यावर मी पेटलो. म्हटलं, ज्याचा पोरगा तुम्ही ओढून आणला त्याला एवढी लाज नाही?

"त्याच्यावर चिडू नकूस," त्या म्हणाल्या. "पोरगा का बैल, असं त्याला निवडायला कुणी लावलं, त्याच्यावर चिड बे. आन् लई चिड. थोडं चिडून भागत न्हाई."

चेअरमनसाहेबांनी निरोप पाठवला. चाऱ्याच्या वाटपाच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागा, तक्रार मागं घेतो. मी म्हटलं, मागायची नाही. दत्ता म्हणाला, मागायची नाही. बाई बुटांच्या नाड्या बांधत होत्या.

"मागितली तर छावनीत येऊ देतील का मला?"

"देतील."

"न्हाई मागितली तर?"

दत्तानं त्यांचा दुसरा बूट पुढे सरकवला.

त्या संध्याकाळी रांग नेहमीसारखीच लागली होती. खुर्चीवर चेअरमनसाहेब, शेजारी जिल्ह्याहून आलेला तरुण अधिकारी, मागं वाकलेलं कपाट पुरावा म्हणून ठेवलेलं. सिस्टरबाई पुढे गेल्या. हात जोडले. मला ते जोडलेले हात बघवले नाहीत.

"कपाट मी फोडलं," त्या म्हणाल्या. "चुकलं. माफ करा."

चेअरमनसाहेब हसले. लोकांकडे बघून हात वर केला, म्हणजे झालं, संपलं. पण बाई जागेवरून हलल्या नाहीत.

"आता एवढंच सांगा," त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या. "पुढच्या बारीला कोन फोडनार? मी म्हातारी झाले. पहार उचलत न्हाई."

जनावरं तेवढी हंबरत होती, त्यांची वेळ झाली होती. लिपिक कोण काय बोलतं ते बघायला रांगेवरून नजर फिरवत होता, आणि ज्याच्यावर नजर जाई तो खाली बघे.

बायकांच्या रांगेतून आवाज आला, "मी फोडीन."

"कोण हाय ती?" साहेब म्हणाले.

"बाळूची बायको," सुमन म्हणाली. पदर खोचलेला, हातात चाऱ्यासाठी आणलेली दोरी. "मला नळी धरता येती, तर पहारबी धरता येईल. फोडीन मी."

साहेबांनी तिच्या दावणीत किती जनावरं आहेत ते लिपिकाला तिथल्या तिथं विचारलं. अधिकाऱ्यानं ते ऐकलं. त्यानं मान खाली घातली, पेनाचं टोपण लावलं, काढलं, आणि म्हणाला, "साहित्य दर्शनी भागात ठेवण्यात यावं. सर्वांना दिसेल असं."

"लगेच, साहेब," चेअरमनसाहेब म्हणाले. "उद्याच्या उद्या."

आणि शब्द पाळला त्यांनी. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीशेजारी, अगदी सगळ्यांच्या वाटेवर, नवं कपाट उभं राहिलं. समोरून काचेचं. आत लाल पिशव्या ओळीनं मांडलेल्या, येता-जाता दिसणाऱ्या. वर संस्थेचं नाव. आणि काचेच्या दाराला नवंकोरं कुलूप.

मी ते कुलूप ओढून बघितलं. ही माणसं आपल्याला हसतात, असं मी बाईंना म्हणालो. बाई जवळ गेल्या, चष्मा वर सरकवला आणि बोटाच्या पेरानं काच वाजवून बघितली.

"काच हाय," त्या म्हणाल्या. "हे बरं केलं त्यांनी."

दुसऱ्या दिवशी त्या कपाटावर एक दगड ठेवलेला होता. लिपिकानं तो उचलून फेकून दिला. त्यानंतरच्या सकाळी पुन्हा दगड होता, पण दुसरा. रोज दगड वेगळा असायचा. एकदा नदीतला गोटा, एकदा चुलीचा काळा पडलेला, एकदा विटेचं अर्धुक. लिपिकानं सुमनला दरडावलं. ती म्हणाली, माझा पहिला हुता, पुढचे कुणाचे मला ठावं न्हाई. त्यानं रांगेत सगळ्यांना विचारलं. कुणालाच ठावं नव्हतं. अशोकच्या बापालाही नव्हतं. शेवटी त्यानं फेकणं सोडून दिलं.

एका सकाळी आम्ही गेलो तर कपाटावर उखळाएवढा मोठा धोंडा होता. एकट्यादुकट्याला उचलणार नाही असा. सिस्टरबाईंनी त्याच्याभोवती फेरी मारली, हातानं हलवून बघितलं, आणि टाकीवर पाणी भरणाऱ्यांकडे वळून ओरडल्या, "कुनाचा हाय बे ह्यो? आतल्या बाटल्या फुटतील. ल्हान आणा."